न्यूयॉर्कचा ठराव गावच्या ग्रामसभेपर्यंत कसा येतो

संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली आणि ती २०३० पर्यंत गाठण्याचे ठरवले. या उद्दिष्टांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. सहावे उद्दिष्ट पाणी आणि स्वच्छतेचे असून, त्याच्या अगदी अखेरीस एका ओळीचे एक लक्ष्य येते: पाणी व स्वच्छता यांच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांच्या सहभागाला पाठबळ द्यावे आणि तो बळकट करावा. मोठमोठ्या आकड्यांच्या गर्दीत ही ओळ सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. तरीही पर्जन्यछायेतल्या एखाद्या गावाच्या दृष्टीने सर्व १६९ लक्ष्यांमध्ये अधिक महत्त्वाची ओळ सापडणे कठीण आहे, कारण यंदा कोणते पीक घ्यायचे, बोअर घ्यायचे की नाही आणि उन्हाळ्यासाठी विहिरीत किती पाणी राखायचे, हे कोणी ठरवायचे याचे उत्तर तिच्यात आहे. न्यूयॉर्कमधली अशी एक ओळ गावापर्यंत कोणत्या वाटांनी येते आणि कोठे अडते, हे समजून घेतले तर शाश्वत विकासाच्या धोरणाचा बराचसा गुंता सुटतो.

शाश्वत विकासाची आज सर्वत्र उद्धृत होणारी व्याख्या १९८७ सालची आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने ती आपल्या अहवालात मांडली. पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवता येतील, त्यांच्या या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास, असा तिचा आशय आहे. पाठ्यपुस्तके आणि भाषणे येथेच थांबतात. अहवाल मात्र लगेच पुढे दोन गोष्टी सांगतो. गरजा म्हणताना जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वाधिक प्राधान्य दिले पाहिजे, ही पहिली. आणि तंत्रज्ञान व समाजरचना यांच्यामुळे निसर्गाच्या क्षमतेवर मर्यादा पडतात हे ध्यानात ठेवले पाहिजे, ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट वगळली की शाश्वत विकास म्हणजे केवळ वृक्षलागवड आणि प्लास्टिकबंदी, असा समज होतो. मूळ विचारात न्यायाचा प्रश्न अग्रभागी आहे आणि पाण्याच्या हिशेबाकडे वळल्यावर तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या विचाराचा आंतरराष्ट्रीय प्रवास त्याआधीच सुरू झाला होता. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर पहिली मोठी परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या, आणि दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. वीस वर्षांनी, जून १९९२ मध्ये, ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो येथे वसुंधरा परिषद झाली. हवामान बदल आणि जैवविविधता यांवरचे दोन करार तेथे सह्यांसाठी खुले झाले. त्याच परिषदेच्या जाहीरनाम्यातल्या दहाव्या तत्त्वात असे म्हटले आहे की, पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागानेच उत्तम रीतीने हाताळता येतात; त्यासाठी नागरिकांना माहिती मिळाली पाहिजे, निर्णयात वाटा मिळाला पाहिजे आणि दाद मागण्याची सोय असली पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भारताच्या संसदेने ७३वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायत राज व्यवस्थेला घटनात्मक स्थान देणाऱ्या या दुरुस्तीचा उगम रिओमध्ये नव्हता. तिच्यामागे आपल्याकडची दीर्घ चर्चा होती. तरीही आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांच्या योजना आखण्याचे काम तिने पंचायतींकडे सोपवले, आणि पंचायतींकडे देता येतील अशा २९ विषयांच्या यादीत जमीन सुधारणा, लघु पाटबंधारे, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण आणि पिण्याचे पाणी यांना जागा दिली. त्यामुळे जगाने जे तत्त्व म्हणून मान्य केले, ते भारतात राबवण्यासाठी घटनेची चौकट उपलब्ध झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१५ची सतरा उद्दिष्टे कायद्याने बंधनकारक नाहीत. ती पूर्ण केली नाहीत म्हणून कोणत्याही देशावर खटला भरता येत नाही. देश आपणहून आपल्या प्रगतीचा आढावा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवतात आणि भारतानेही तसा आढावा मांडलेला आहे. त्याच वर्षीचा पॅरिस हवामान करार तुलनेने कडक आहे. दर पाच वर्षांनी आपला कृती आराखडा सादर करणे त्यात बंधनकारक आहे, मात्र आराखड्यात किती कपात करायची हे प्रत्येक देशच ठरवतो. म्हणजे जागतिक करारातून थेट गावावर कोणतीही सक्ती येत नाही. मधल्या पायरीवर आपले सरकार काही करते तेव्हाच तो करार खाली सरकतो, आणि हे करण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत: कायदा, निधी आणि मोजमाप. तिन्ही वाटांची ताकद सारखी नाही, आणि धोरणाची चर्चा करताना हा भेद फारसा कोणी लक्षात घेत नाही.

कायद्याची वाट सर्वांत जुनी. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ने संसदेला दिला आहे. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा स्टॉकहोम परिषदेच्या निर्णयांचा उल्लेख करूनच सुरू होतो, आणि २००२चा जैवविविधता कायदा रिओच्या कराराचा. या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे असे ठरवले आणि गावातल्या वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम तिच्याकडे दिले. कल्पना उत्तम होती. पण अनेक राज्यांत समित्या वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे सांगितले. मग देशभर घाईने समित्या स्थापन झाल्या आणि नोंदवह्या भरल्या गेल्या. ज्या नोंदवहीत गावातल्या वैदूचे, गुराख्याचे आणि बियाणे राखणाऱ्या बाईचे ज्ञान यायला हवे होते, ती कित्येक ठिकाणी बाहेरच्या माणसाने थोड्या दिवसांत पुरी केली. कायद्याने सांगितलेला कागद तयार झाला, पण कायद्याला अपेक्षित असलेली चर्चा गावात झाली नाही.

निधीची वाट ग्रामपंचायतीला सर्वांत जवळची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के भाग बंधित होता. म्हणजे तो पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन, स्वच्छता अशा कामांसाठीच वापरायचा होता. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे पगार व आस्थापना वगळून स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करता येणारा होता. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्याचे ठरले. हा पैसा खर्च करण्यासाठी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायत विकास आराखडा करावा लागतो. सतरा जागतिक उद्दिष्टे गावाला आवाक्यात यावीत म्हणून केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने त्यांची नऊ संकल्पनांमध्ये मांडणी केली आहे. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध आणि ‘स्वच्छ व हरित’ अशी पाच प्रकारे गावे असावीत. पायाभूत सुविधा, सामाजिक सुरक्षा, सुशासन आणि महिलास्नेही कारभार हे उरलेले चार विषय. गावाने आपल्या गरजेप्रमाणे त्यांतली एखादी संकल्पना निवडून तसा संकल्प करायचा असतो. न्यूयॉर्कमधले सहावे उद्दिष्ट ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘जलसमृद्ध गाव’ या नावाने येते ते असे.

पण संकल्प करून गाव जलसमृद्ध होत नाही. त्यासाठी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो एकदा मांडून पाहिला की या विषयातली खरी मेख कळते. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर १० हजार लिटर पाणी मिळते. समजा, एका गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि तेथे वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग त्या शिवारावर वर्षाकाठी ४०० कोटी लिटर पाणी उतरते. यातले बरेच बाष्प होऊन उडते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि थोडाच वाटा झिरपून विहिरीपर्यंत पोहोचतो. आता गरज पाहू. लोकवस्ती २,००० धरली आणि जलजीवन मिशनचे माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण लावले, तर गावाची वर्षभराची घरगुती गरज सुमारे ४ कोटी लिटर होते. म्हणजे दुष्काळी समजल्या जाणाऱ्या गावातही पडणाऱ्या पावसाच्या केवळ शंभराव्या हिश्शात माणसांची तहान भागते. जनावरांचे पाणी यात मिळवले तरी चित्र फारसे बदलत नाही. याउलट, पाटाने पाणी दिलेल्या एका हेक्टर उसाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. दोन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसांचे वर्षभराचे पाणी यांचा हिशेब जवळपास सारखा आहे.

हा हिशेब समोर आल्यावर टँकर केवळ पाऊस कमी पडल्यामुळे येतो, असे म्हणता येत नाही. जमिनीखालचे पाणी सर्वांचे सामाईक असते, पण ते उपसण्याची ताकद ज्याच्याकडे खोल बोअर आणि पंप आहे त्याच्याकडेच असते. भूमिहीन मजुराच्या घरात नळ कोरडा पडतो तेव्हा त्याचे कारण शेजारच्या शिवारातल्या पीकपद्धतीत असू शकते. रिओच्या जाहीरनाम्यातल्या सातव्या तत्त्वाने देशांबाबत असे म्हटले होते की, पर्यावरण राखण्याची जबाबदारी सर्वांची आहे, पण ती सारखी नाही. ज्यांनी अधिक वापरले त्यांनी अधिक उचलली पाहिजे. भारत हे तत्त्व श्रीमंत देशांपुढे प्रत्येक हवामान परिषदेत मांडतो आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की, हेच तत्त्व गावाच्या शिवारातही लागू पडते आणि ते तेथे लावल्याशिवाय शाश्वत विकासाचा न्यायाचा भाग पुरा होत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते लावून दाखवले, आणि तेही २०१५च्या ठरावाच्या कितीतरी आधी. नव्वदीच्या सुरुवातीपासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने डोंगरावर समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदान केले. ही कामे पुष्कळ गावांनी केली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या निर्णयांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, आणि पावसाळा संपल्यावर पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. त्यात आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यातून शेतीचे. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचे क्षेत्र त्या मानाने कमी करायचे. पाणी अडवणे हा अभियांत्रिकीचा भाग झाला. अडवलेले पाणी कोणी किती वापरायचे हा सामाजिक कराराचा भाग आहे, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा फार अवघड आहे. जलसंधारणाच्या कामांवर कोट्यवधी रुपये खर्च होऊनही अनेक गावे पुन्हा कोरडी पडतात याचे मुख्य कारण, माझ्या मते, हा दुसरा भाग हाती घेतलाच जात नाही हे आहे.

या अनुभवाला पुढे शासकीय योजनेचे रूपही मिळाले. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेली ६ हजार कोटींची अटल भूजल योजना महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवली गेली. तिचा निम्मा निधी जागतिक बँकेच्या कर्जातून आला. गावात पर्जन्यमापक बसवणे, निरीक्षण विहिरीतली पातळी नोंदवणे, पाण्याचा ताळेबंद करणे, जलसुरक्षा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवणे ही तिची पद्धत. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने हे काम पाहिले. आकडे गावाच्या हाती येणे ही मोठी गोष्ट आहे, कारण विहिरीतली पातळी भिंतीवर लिहिली गेली की पाण्याविषयीचा वाद अंदाजावर चालत नाही. मात्र आराखडा करणे आणि त्याप्रमाणे पीक बदलणे यांत अंतर राहते. उसाला कारखान्याची हमी आणि ठरलेला दर आहे. कमी पाण्याच्या ज्वारीला, तुरीला, करडईला तशी हमी नसेल तर केवळ सभेतल्या आवाहनाने शेतकरी वळणार नाही, आणि त्याला दोष देणेही न्याय्य नाही. अशी हमी देण्याचा निर्णय मुंबई आणि दिल्लीच्या हातात आहे.

ग्रामसभेला नुसता सल्ला न देता अधिकार दिला तर काय घडते, हे पाहायला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात जावे लागते. मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावात देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासगटाची पद्धत रुजवली. कोणताही विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो, मग ग्रामसभेत येतो, आणि तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आता सर्वश्रुत आहे. २००६चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःच्या हक्काच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळायला एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूच्या उत्पन्नातून ग्रामसभेने जंगलाची निगा आणि लोकांना रोजगार, दोन्ही साधले. वनहक्क कायदा कोणत्याही जागतिक ठरावातून आलेला नाही, तो आदिवासींच्या दीर्घ लढ्यातून आला. पण जमिनीवरच्या परिसंस्थांचे रक्षण सांगणारे पंधरावे उद्दिष्ट ज्या गोष्टीची अपेक्षा करते, ती या कायद्याने गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांना करता येण्याजोगी केली.

तिसरी वाट मोजमापाची. नीती आयोग २०१८ पासून राज्यांचा शाश्वत विकास निर्देशांक काढतो, आणि आता पंचायतींसाठीही तसाच निर्देशांक आहे. २०२२-२३ या आधारवर्षाच्या निर्देशांकात सुमारे २ लाख १६ हजार ग्रामपंचायतींची माहिती घेतली गेली. त्यांतली एकही सर्वोच्च श्रेणीत बसली नाही. महाराष्ट्राच्या पर्यावरण विभागाचे २०२० पासूनचे ‘माझी वसुंधरा’ अभियानही भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गुण देते व बक्षिसे जाहीर करते. अशा मोजणीने आपले गाव कोठे मागे आहे हे दिसते, हा तिचा उपयोग नाकारता येत नाही. पण गुणांसाठी माहिती भरण्याचे काम ग्रामपंचायत कार्यालयाच्या संगणकावर उरकते, आणि रोपे किती लावली याची नोंद होते तितक्या काळजीने ती किती जगली याची होत नाही. म्हणून तिन्ही वाटांत ही वाट मी सर्वांत दुबळी मानतो.

या सर्व वाटा अखेरीस ग्रामसभेच्या दारात एकत्र येतात. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, आणि डोक्यावरून पाणी वाहण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांचे म्हणणे आराखड्यात येण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे मोजक्या लोकांच्या उपस्थितीत वर्षभराचा आराखडा मंजूर होऊ शकतो. मंजूर झालेला आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आपल्या गावाने कोणती संकल्पना निवडली, बंधित निधीतून पाण्याची कोणती कामे धरली, मागच्या वर्षीची कोणती कामे झाली आणि कोणती राहिली, हे पाहून ग्रामसभेत प्रश्न विचारण्यासाठी कोणत्याही विशेष पदाची गरज नाही. मतदारयादीत नाव असणे पुरते. पुणे-मुंबईत राहून गावाशी नाते ठेवणाऱ्यांनाही हा आराखडा वाचता येईल आणि गावातल्या आप्तांशी त्यावर बोलता येईल.

शहरांची स्थिती मात्र वेगळी आहे, आणि २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ४५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी आहे. ग्रामसभेसारखी, प्रत्येक मतदाराला बसता येईल अशी सभा शहरात चालत नाही. प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा घेण्यासाठी राज्याने २००९ साली महापालिका कायद्यांत तरतूद केली, पण ती व्यवहारात उतरली नाही. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात जागा देण्याचा उपक्रम चालवला. तो उपयुक्त आहे, पण त्यात सुचवता येतात ती बहुतांशी पदपथ, बाक, दिवे अशी लहान कामे. नदीच्या पूररेषेत काय बांधायचे, सांडपाणी कोठे शुद्ध करायचे, धरणातले पाणी शेती आणि शहर यांत कसे वाटायचे, हे निर्णय नागरिकांच्या कोणत्याही सभेपुढे येत नाहीत. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे. ती अमलात आणण्याची मागणी आपापल्या महापालिकेकडे आणि आमदारांकडे करण्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही.